केनी वॉशिंग्टनची सहा वर्षे कोणी खाल्ली?

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या नोंदवहीत केनी वॉशिंग्टन या नावापुढे फक्त तीन हंगाम आहेत. १९४६, १९४७ आणि १९४८. एकूण २७ सामने, १४० वेळा चेंडू घेऊन धाव आणि त्यातून ८५९ यार्ड. बस्स! एवढ्यावर त्याची कारकीर्द संपते. ही नोंदवही उघडून बसणारा एखादा पंडित सहज म्हणून जाईल की, खेळाडू बरा होता, परंतु थोर म्हणावा असे त्याने काय केले? आम्हाला या पंडिताला एकच प्रश्न विचारायचा आहे. १९४० ते १९४५ या सहा वर्षांचा हिशेब कुठे आहे? वयाच्या एकविसाव्या वर्षी जो माणूस देशातला सर्वोत्तम फुटबॉल खेळाडू म्हणून ओळखला जात होता, तो सत्ताविसाव्या वर्षापर्यंत या नोंदवहीत का दिसत नाही? तो काय झोपला होता?

तो झोपला नव्हता. त्याच्यासाठी दार बंद होते. दार बंद असतानाची वर्षे नोंदवहीत येत नाहीत आणि दार उघडल्यानंतरच्या तीन वर्षांवरून माणसाची गुणवत्ता ठरवली जाते. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांची ही जुनीच रीत आहे. आमच्या वाचकांना ती नव्याने सांगायला नको.

अमेरिकेतल्या एका फुटबॉल खेळाडूची गोष्ट आम्ही येथे का सांगतो आहोत, असे कोणी विचारील. अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्याशी आपले नाते आजकालचे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांना कळवले. ड्यू बॉइस यांनीही त्याला आस्थेने उत्तर दिले. पुढे १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा तिकडच्या माणसाची कहाणी आम्हाला परकी नाही. आणि योगायोग असा की, बाबासाहेबांनी ते पत्र लिहिले त्याच १९४६ साली केनी वॉशिंग्टनसाठी ते दार उघडले.

आधी हा खेळ समजून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतांशी हातात घेऊन पळायचा किंवा हाताने फेकायचा असतो. मैदान शंभर यार्डांचे. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. समोरच्यांनी धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन जमिनीवर आडवा करायचा. एका धावेत चार यार्ड मिळाले तरी धावणारा चांगला मानला जातो. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा भिडतो. हाडे मोडतात. अशा खेळात ढिगाऱ्याखाली कोण कोणाला काय करतो हे पंचालाही दिसत नाही. ज्याचा द्वेष करायचा आहे त्याला नियमात राहून मारता येईल असा हा खेळ आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजेल.

या खेळाची व्यावसायिक संघटना १९२० मध्ये ओहायो राज्यातील कँटन या गावी स्थापन झाली. १९२२ पासून तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. सुरुवातीला येथे काळे खेळाडू होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. फ्रिट्झ पोलार्ड हा काळा खेळाडू १९२० मध्ये अ‍ॅक्रन प्रोज या विजेत्या संघात होता आणि १९२१ मध्ये तो त्याच संघाचा प्रशिक्षकही झाला. जगप्रसिद्ध गायक आणि लढवय्या पॉल रोबसन १९२१ आणि १९२२ या दोन हंगामांत या लीगमध्ये खेळला. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब काही वर्षे आधी शिकून गेले होते, त्याच विद्यापीठात रोबसन तेव्हा कायद्याचे शिक्षण घेत होता आणि शिक्षणाच्या खर्चासाठी मैदानावर हाडे झिजवत होता. १९२० ते १९३३ या काळात तेरा काळे खेळाडू या लीगमध्ये खेळले. संख्या मोठी नाही. पण दार उघडे होते.

१९३३ च्या हंगामात शिकागो कार्डिनल्सचा जो लिलार्ड आणि पिट्सबर्गचा रे केम्प हे दोघेच उरले होते. १९३४ मध्ये तेही नव्हते. त्यानंतर सलग बारा हंगाम, म्हणजे १९४५ च्या अखेरपर्यंत, एकही काळा खेळाडू एनएफएलच्या मैदानावर उतरला नाही. एकही नाही! महामंदीचे दिवस होते. गोऱ्यांना काम नाही तिथे काळ्यांना कशाला, ही भावना होती. याच सुमारास, १९३२ मध्ये, जॉर्ज प्रेस्टन मार्शल नावाचा एक लाँड्रीमालक बोस्टनच्या संघाचा मालक म्हणून लीगमध्ये आला. पुढे १९३७ मध्ये त्याने तो संघ राजधानी वॉशिंग्टनला नेला आणि दक्षिणेकडील गोऱ्या प्रेक्षकांचा संघ म्हणून त्याची जाहिरात केली. काळ्यांना बाहेर ठेवण्यात पुढाकार या मार्शलचा होता, असे बहुतेक इतिहासकार मानतात. बाकीच्या मालकांनी मान डोलावली.

आता यातली खरी चलाखी पाहा. असा कोणताही नियम कोणत्याही कागदावर लिहिलेला नव्हता. ठराव नाही, सही नाही, शिक्का नाही. पुढे जेव्हा विचारणा झाली तेव्हा शिकागो बेअर्सचा मालक जॉर्ज हॅलस याने अशी काही बंदी होती हेच मुळी नाकारले. म्हणजे बारा वर्षांत काळ्या समाजात एकही लायक खेळाडू जन्मला नाही, असेच समजायचे! अलिखित नियमाचा हाच फायदा असतो. तो पाळता येतो, पण सिद्ध करता येत नाही. पाटी लावलेल्या बंदीशी लढणे सोपे. पाटी नसलेल्या बंदीशी लढताना आधी ती आहे हेच पटवून द्यावे लागते.

या बंदीच्या काळातच केनी वॉशिंग्टन मोठा झाला. त्याचा जन्म ३१ ऑगस्ट १९१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडील एडगर वॉशिंग्टन हे काळ्यांच्या बेसबॉल संघातून खेळत आणि चित्रपटात लहानसहान भूमिका करत. त्यांचा पाय घरात ठरत नसे. केनीला वाढवले ते आजीने आणि काकाने. काका रॉकी हे लॉस एंजेलिसच्या पोलिस दलात अधिकारी होते. लिंकन हायस्कूलमधून केनी यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत गेला. १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षे तो तेथे खेळला. बेसबॉलमध्येही तो तितकाच तयार होता.

१९३९ चा यूसीएलएचा संघ लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात केनी वॉशिंग्टन, वुडी स्ट्रोड, रे बार्टलेट आणि जॅकी रॉबिन्सन असे चार काळे खेळाडू होते. होय, तोच जॅकी रॉबिन्सन, ज्याने पुढे १९४७ मध्ये बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत फोडली आणि ज्याचे नाव आज अमेरिकेतले शाळकरी पोरही सांगते. पण १९३९ मध्ये या संघाचा नायक रॉबिन्सन नव्हता, केनी होता. त्या हंगामात धावणे आणि फेकणे मिळून त्याने १,३७० यार्ड मिळवले. देशात सर्वांत जास्त. दहा सामन्यांच्या ६०० मिनिटांपैकी ५८० मिनिटे तो मैदानावर होता. हल्ला करतानाही तोच आणि बचाव करतानाही तोच. यूसीएलए त्या वर्षी एकही सामना हरले नाही. लिबर्टी नावाच्या नियतकालिकाने खेळाडूंकडूनच मते मागवली, तेव्हा केनीविरुद्ध खेळलेल्या प्रत्येकाने त्याचे नाव दिले. असा तो एकटाच खेळाडू होता. ज्यांना त्याने धूळ चारली त्यांनी दिलेले हे प्रशस्तिपत्र. एवढे असूनही राष्ट्रीय निवड समित्यांनी त्याला दुसऱ्या फळीत टाकले आणि पूर्व विरुद्ध पश्चिम या मानाच्या सामन्याचे निमंत्रणही दिले नाही.

आता ९ डिसेंबर १९३९ या दिवसाकडे या. त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियम या स्टेडियममध्ये यूसीएलए आणि शेजारचे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांचा सामना झाला. एक लाखाहून अधिक प्रेक्षक. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. शेवटची काही सेकंदे उरली असताना केनी मैदानाबाहेर निघाला, तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले. काळे-गोरे, आपले-परके सगळे उठले आणि त्यांनी त्याला मानवंदना दिली. आणि त्याच ९ डिसेंबरला मिलवॉकी शहरातील एका हॉटेलात एनएफएलच्या संघमालकांची बैठक भरली होती. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू आपसात वाटून घेण्याची ही वार्षिक बैठक. तिला ड्राफ्ट म्हणतात. त्या दिवशी दोनशे खेळाडूंची नावे घेतली गेली. केनी वॉशिंग्टनचे नाव त्यात नव्हते!

वाचकहो, एक लाख माणसे ज्याच्यासाठी उभी राहतात, तो त्याच दिवशी देशातल्या पहिल्या दोनशेतही बसत नाही. याला गुणवत्तेची निवड म्हणायचे काय? ज्याला डोळे आहेत त्याला हे दिसत होते. सॅम बाल्टर नावाच्या एका गोऱ्या क्रीडा समालोचकाने रेडिओवरून संघमालकांना जाहीर सवाल केला की, या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूला तुमच्यापैकी कोणीच का निवडले नाही? उत्तर द्यायला त्याने रेडिओची वेळही देऊ केली. कोणी पुढे आले नाही.

१९४० च्या ऑगस्टमध्ये शिकागोला कॉलेजातील निवडक खेळाडू विरुद्ध व्यावसायिक विजेता संघ ग्रीन बे पॅकर्स असा सामना झाला. केनीला त्यात घेतले होते. त्याने गुणही नोंदवला. हॅलसने त्याचा खेळ पाहिला आणि त्याला शिकागोत थांबायला सांगितले. आपण काही तरी जमवू पाहतो, असा त्याचा निरोप होता. केनी थांबला. अखेर जमत नाही असे कळल्यावर तो घरी परतला. जमले नाही म्हणजे काय? केनीत काही कमी होते काय? नव्हते. अन्य मालक तयार नव्हते आणि हॅलसला त्यांच्याशी वैर घ्यायचे नव्हते. पुढे हाच हॅलस बंदी नव्हतीच म्हणाला, हे आपण वर पाहिले. चांगला खेळाडू ओळखण्याइतकी नजर आहे, पण त्याच्या बाजूने उभे राहण्याइतका कणा नाही, अशी माणसे प्रत्येक व्यवस्थेत असतात. व्यवस्था टिकते ती मार्शलसारख्या उघड द्वेष्ट्यांच्या बळावर जेवढी, तेवढीच या कण्याविना माणसांच्या बळावरही.

मग केनीने काय केले? पोट होते, संसार होता. पॅसिफिक किनाऱ्यावर एक लहान व्यावसायिक लीग चाले, तेथील हॉलीवूड बेअर्स या संघातून तो खेळू लागला. मित्र वुडी स्ट्रोडही बरोबर होता. पश्चिमेच्या त्या मैदानांवर लोक त्याला पाहायला गर्दी करत. लॉस एंजेलिसच्या पोलिस दलातही त्याने नोकरी केली. पण ज्या लीगचे आकडे इतिहास मोजतो तिथे तो नव्हता. धावणाऱ्या खेळाडूची उमेदीची वर्षे फार थोडी असतात. एकविसाव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत. तीच नेमकी वर्षे लहान लीगच्या मैदानांवर गेली. गुडघे गेले, त्यांच्यावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्याची धाव पूर्वीची राहिली नाही.

आणि मग १९४६ उजाडले. आता हे दार कसे उघडले ते नीट पाहिले पाहिजे, कारण या कहाणीचे मर्म येथे आहे. मालकांना अचानक माणुसकीचा पाझर फुटला काय? मुळीच नाही. क्लीव्हलँडचा रॅम्स हा संघ १९४५ चा विजेता होता, पण त्याला प्रेक्षक मिळत नव्हते. त्याचा मालक डॅन रीव्ह्ज याने संघ लॉस एंजेलिसला हलवायचे ठरवले. तिथे खेळायला हवे होते ते मेमोरियल कोलिझियम. तेच स्टेडियम, जिथे एक लाख लोक केनीसाठी उभे राहिले होते. पण हे स्टेडियम कोण्या शेठजीचे नव्हते. ते सार्वजनिक होते. करदात्यांच्या पैशातून उभे राहिलेले, आणि त्या करदात्यांत काळे लोकही होते.

हा धागा पकडला एका पत्रकाराने. हॅली हार्डिंग हे त्याचे नाव. लॉस एंजेलिस ट्रिब्यून या काळ्यांच्या छोट्या वृत्तपत्राचा तो क्रीडा लेखक. स्वतः बेसबॉल-फुटबॉल खेळलेला. १५ जानेवारी १९४६ रोजी कोलिझियमचा कारभार पाहणाऱ्या आयोगापुढे स्टेडियम भाड्याने देण्याचा विषय होता. हार्डिंग तेथे उभा राहिला. व्यावसायिक फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात काळे खेळाडू कसे होते, त्यांना कसे काढले, त्यात मार्शलचा हात काय, हे त्याने मांडले. काळ्या सैनिकांनी नुकत्याच संपलेल्या महायुद्धात या देशासाठी रक्त सांडले, याची आठवण दिली. आणि केनी वॉशिंग्टन या शहरात असताना त्याला कोणी घेत नाही, याचा जाब मागितला. रॅम्सच्या वतीने चार्ल्स वॉल्श हा व्यवस्थापक हजर होता. अशी काही बंदी नाही, असे त्याने ठरलेले उत्तर दिले. नाही ना? मग घ्या केनीला! आयोगाच्या सदस्यांनीही स्पष्ट केले की, भेदभाव करणाऱ्या संघाला लोकांचे स्टेडियम मिळणार नाही. वॉल्श कोंडीत सापडला. ज्या अलिखितपणाच्या आडून बारा वर्षे बंदी चालली होती, तोच अलिखितपणा हार्डिंगने त्यांच्यावर उलटवला.

२१ मार्च १९४६ रोजी रॅम्सने केनी वॉशिंग्टनशी करार केला. मे महिन्यात वुडी स्ट्रोडलाही घेतले, म्हणजे केनीला सोबत हवी म्हणून. रॅम्सच्या प्रशिक्षकांपैकी बॉब स्नायडर याने पुढे प्रामाणिकपणे कबूल केले की, संघ क्लीव्हलँडलाच राहिला असता तर केनीचा विचारही झाला नसता. हे वाक्य आम्हाला कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा मोलाचे वाटते. दार उघडणाऱ्यांच्याच घरातला साक्षीदार सांगतो की, आम्ही ते खुशीने उघडले नाही, आम्हाला उघडावे लागले.

अठ्ठावीस वर्षांचा, गुडघे गेलेला केनी मैदानावर उतरला. पहिल्या हंगामात त्याला फारसा चेंडूच मिळाला नाही. फक्त २३ धावा. प्रतिस्पर्धी संघांनी त्याचे स्वागत कसे केले हे त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवले आहे. खाली पडल्यावर लाथा, ढिगाऱ्याखाली कोपर आणि गुडघ्यांचे प्रहार, मैदानावर रेषा आखायचा चुना उचलून डोळ्यांत चोळणे. बाहेरगावी संघ ज्या हॉटेलात उतरे तिथे या दोघांना जागा नसायची. त्यांनी काळ्यांच्या वस्तीत निवारा शोधायचा. एकाच संघाचा एकच गणवेश, पण मैदान सोडले की वाटा वेगळ्या!

१९४७ मध्ये तो थोडा सावरला. त्या हंगामात ६० धावांत ४४४ यार्ड. दर धावेला ७.४ यार्ड. चार यार्ड म्हणजे चांगला धावपटू, हे आपण सुरुवातीला पाहिले. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये इतकी सरासरी कोणाची नव्हती. शिकागो कार्डिनल्स हा त्या वर्षीचा विजेता संघ. त्यांच्याविरुद्ध केनीने एकाच धावेत ९२ यार्ड कापले. जवळजवळ सारे मैदान! रॅम्सच्या इतिहासातील सर्वांत लांब धाव म्हणून ती आजही सांगितली जाते. १९४८ अखेर तो थांबला. गुडघे आता साथ देत नव्हते. कारकिर्दीची सरासरी दर धावेला ६.१ यार्ड. मोडक्या गुडघ्यांचा केनी एवढे करतो, तर धडधाकट केनीने काय केले असते? हा प्रश्न विचारायचा नाही, कारण तो आकड्यांत बसत नाही, असे आम्हाला सांगितले जाते. आम्ही म्हणतो, हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे.

स्ट्रोडची कथा आणखी कडू आहे. एका हंगामात त्याच्याकडे चारच झेल आले आणि त्याला काढून टाकले. तो कॅनडात गेला आणि १९४८ मध्ये कॅलगरीच्या संघाबरोबर तेथील सर्वोच्च चषक जिंकून आला. म्हणजे खेळ त्याच्यात होता. पुढे तो चित्रपटात गेला. १९६० च्या ‘स्पार्टाकस’ या चित्रपटात नायकाचा जीव वाचवणारा काळा योद्धा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी वुडी स्ट्रोडला पाहिले आहे. एनएफएलमधले ते वर्ष आपल्या आयुष्यातला सर्वांत खालचा काळ होता, असे तो म्हातारपणीही सांगत असे. पहिला पाऊल ठेवणाऱ्याच्या गळ्यात हार पडतात, असे ज्यांना वाटते त्यांनी स्ट्रोडला विचारायला हवे होते.

त्याच १९४६ मध्ये प्रतिस्पर्धी लीगमधील क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने बिल विलिस आणि मॅरियन मोटली या दोन काळ्या खेळाडूंना घेतले. तिथे प्रशिक्षक पॉल ब्राउन याने त्यांना खरोखर खेळवले आणि संघ विजेता ठरला. तरीही डिसेंबरमध्ये मायामीला सामना होता, तेव्हा फ्लोरिडातील कायद्यामुळे या दोघांना मागे राहावे लागले. पण विलिस आणि मोटली वेळेत आले, भरपूर खेळले आणि पुढे दोघेही कँटनच्या फुटबॉल गौरव दालनात विराजमान झाले. मोटली १९६८ मध्ये, विलिस १९७७ मध्ये. केनी आणि त्यांच्यात गुणांचा फरक होता असे आम्हाला वाटत नाही. फरक वर्षांचा होता.

१९४६ नंतर सगळे संघ धावत सुटले असे कोणी समजू नये. एकेक करत, कुरकुरत ते काळ्यांना घेऊ लागले. सर्वांत शेवटी उरला तो मार्शल. १९६१ पर्यंत त्याच्या संघात एकही काळा खेळाडू नव्हता. पंधरा वर्षे त्याने टीका पचवली, पराभव पचवले, पण हेका सोडला नाही. मग तो कसा वाकला? पुन्हा तेच! राजधानीत नवे स्टेडियम बांधले गेले आणि त्याची जमीन केंद्र सरकारची होती. केनेडी सरकारमधील गृहखात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडाल यांनी मार्शलला बजावले की, सरकारी जमिनीवर नोकरीत वर्णभेद चालणार नाही, खेळायचे असेल तर काळे खेळाडू घ्यावे लागतील. (तिकडचे हे गृहखाते पोलिसांचे नव्हे, सरकारी जमिनींचा कारभार पाहणारे खाते आहे.) १९६२ मध्ये बॉबी मिचेल आणि अन्य काळे खेळाडू मार्शलच्या संघात आले. आणि पहिल्याच हंगामात मिचेलने ७२ झेल घेऊन साऱ्या लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला! ज्याच्याविना तीस वर्षे काढली, त्यानेच येऊन संघाची लाज राखली.

सोळा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहा. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस, १९६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टन. दोन्हीकडे मालक खाजगी, नफा खाजगी, पण स्टेडियम किंवा जमीन लोकांची. दोन्हीकडे मनपरिवर्तनाची वाट पाहिली असती तर आजही पाहत बसावे लागले असते. जे लोकांच्या पैशावर उभे आहे त्यावर सर्व लोकांचा हक्क आहे, एवढे एकच तत्त्व कोणी तरी धैर्याने मांडले आणि कुलूप गळून पडले. आज आपल्याकडेही सरकारी जमीन सवलतीत घेऊन, सरकारी पाणी-वीज वापरून उभ्या राहिलेल्या संस्था ‘आम्ही खाजगी आहोत’ असे म्हणून सामाजिक न्यायाला दारातच अडवतात. त्यांना हार्डिंगचा प्रश्न लागू पडतो. जमीन कोणाची? पैसा कोणाचा? हा प्रश्न विचारायला मोठे पद लागत नाही. हार्डिंगकडे काय होते? एक छोटे वृत्तपत्र आणि वस्तुस्थितीचा अभ्यास. तेवढ्यावर त्याने बारा वर्षांचे कुलूप तोडले. चळवळीतल्या छोट्या वृत्तपत्रांना जे नाक मुरडतात त्यांनीही हे वाचावे.

शेवटी सन्मानाचा हिशेब. कँटनचे फुटबॉल गौरव दालन १९६३ मध्ये सुरू झाले. त्यात पहिल्याच तुकडीत ज्यांचा गौरव झाला त्यात जॉर्ज हॅलस होता आणि जॉर्ज प्रेस्टन मार्शलही होता. दार लावणारा आत गेला. ज्याच्या तोंडावर दार लावले त्या केनी वॉशिंग्टनचे नाव २०२५ पर्यंतच्या सदस्यांत नाही. कारण काय, तर आकडे कमी पडतात! १९५६ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या गौरव दालनाने त्याला घेतले, यूसीएलएने त्याचा १३ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २०२२ मध्ये कँटनच्या दालनाने केनी, स्ट्रोड, मोटली आणि विलिस या चौघांना अग्रदूत म्हणून एक पुरस्कार दिला, हेही खरे. तेव्हा चौघांपैकी एकही हयात नव्हता. मार्शलचे स्मारक राजधानीतल्या त्या स्टेडियमबाहेर उभे होते, ते २०२० च्या जूनमध्ये हलवण्यात आले. पण दालनातली त्याची जागा अजून शाबूत आहे.

केनी २४ जून १९७१ रोजी वारला. वय अवघे ५२. जॅकी रॉबिन्सनने त्या वेळी लिहिले की, आपण पाहिलेला सर्वांत थोर फुटबॉल खेळाडू केनीच, आणि देशपातळीवर आपले नाव झाले नाही याचे खोल दुःख त्याच्या मनात असणार. बरोबर खेळलेल्या आणि स्वतः अजरामर झालेल्या माणसाची ही साक्ष आहे. ती आकड्यांपेक्षा वजनदार आहे.

म्हणूनच आम्ही म्हणतो, कोणी नोंदवही पुढे करून गुणवत्तेच्या गप्पा सांगू लागला, तर आधी त्याला विचारावे की, ही नोंदवही कोणत्या सालापासून सुरू होते आणि तेव्हा दार कोणासाठी उघडे होते? केनीच्या नावापुढे ८५९ यार्ड लिहिले आहेत. त्याच्या आधीची सहा वर्षे कोरी आहेत. ती कोरी पाने केनीची नाहीत. ती हॅलसची आहेत, मार्शलची आहेत आणि मान डोलावून गप्प बसलेल्या प्रत्येक मालकाची आहेत. हिशेब मागायचा तर त्यांच्याकडे मागा!